मोल्दोव्हातला पोमाना, चोरीला जाणारी फाटकं आणि एक टॉवेल

निंबोणी
मागच्या महिन्यात पितृपक्षाच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं होतं की मेलेल्यांना जेवायला घालणारे जगात आपणच. तिथे वाद घालत बसले नाही, पण विषय डोक्यातून जाईना. म्हणून हा वेगळा धागा.

मी मेडिकलसाठी सहा वर्षं किशिनाऊला होते. ही मोल्दोव्हाची राजधानी. रुमानिया आणि युक्रेन यांच्या मधे चेपून बसलेला हा देश आकाराने पुणे जिल्ह्याच्या दुपटीहून थोडाच मोठा आणि वस्ती २४ लाखांच्या आसपास. पहिली दोन वर्षं होस्टेलात कुकर, पोहे आणि भारतीय पोरं एवढंच जग होतं. मग एका आजींकडे खोली घेतली. त्यांना मी बुनिका म्हणायचे, म्हणजे आजीच. त्यांचा मुलगा आणि सून इटलीत कामाला. नातू फक्त मोबाइलच्या पडद्यावर.

२०१८ च्या एप्रिलात बुनिका म्हणाल्या, सोमवारी सुट्टी आहे, माझ्याबरोबर गावी चल. ईस्टर होऊन आठवडा झाला होता. मला वाटलं शेतावर वगैरे जायचं असेल. तर त्या मला घेऊन गेल्या स्मशानात.

आणि स्मशानात जत्रा! अक्षरशः. थडग्यांशेजारी लोखंडी टेबल-बाकडी कायमची रोवलेली असतात, त्यांवर स्वच्छ टेबलक्लॉथ, लाल रंगवलेली अंडी, गोड पाव, कोबीच्या पानात भात-खिमा गुंडाळून केलेले सार्माले, घरच्या वाइनचे कॅन. पोरं कबरींच्या मधून पळताहेत, इटली-जर्मनीहून आलेली माणसं वर्षाने भेटताहेत. मधेच पाद्रीबाबा धूप घेऊन येतात, घरच्यांनी कागदावर लिहून आणलेली मृतांची नावं वाचतात, थडग्यावर वाइन शिंपडतात आणि पुढच्या कुटुंबाकडे जातात. रडणारे होते, नाही असं नाही. पण रडून झालं की डोळे पुसून लगेच 'अगं खा की' सुरू.

या सणाचं नाव पाश्तेले ब्लाजीनिलोर. ब्लाजीन म्हणजे सौम्य, गरीब स्वभावाचे. गोष्ट अशी की पृथ्वीच्या टोकाला, सगळ्या नद्या जिथे जाऊन मिळतात तिथे, ब्लाजीन नावाची भोळी माणसं राहतात. त्यांना महिने-वार काही कळत नाही. म्हणून इकडच्या बायका ईस्टरच्या लाल अंड्यांची टरफलं नदीत सोडतात. ती वाहत वाहत आठवड्याने तिकडे पोचली की ब्लाजिनांना कळतं, अरे, ईस्टर होऊन गेला! मग ते आपला ईस्टर साजरा करतात. आपले गेलेले लोकही त्यांच्याच संगतीत, म्हणून त्यांचा सण आठवडा उशिराने.

आता मुद्द्याची गोष्ट. एक अनोळखी बाई माझ्यासमोर आली. हातात नवा टॉवेल, त्यावर कप, कपात चॉकलेटं, वर कडं असावं तसा गोल विणलेला पाव (कोलाक) आणि त्यात खोचलेली पेटती मेणबत्ती. तिने ते सगळं माझ्या हातात ठेवलं आणि एका पुरुषाचं नाव घेतलं. मी शिकलेल्या भाषेत छान हसून 'मुल्त्सुमेस्क' म्हणाले. म्हणजे थँक्यू. बाईचा चेहरा पडला. बुनिकांनी मागून माझ्या पाठीत बोट खुपसलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, 'बोगदाप्रोस्ते म्हण!'

म्हटलं. मग बाई हसली.

नंतर कळलं ते असं. ही भेट मला नव्हतीच. यालाच पोमाना म्हणतात. वस्तू जिवंत माणसाच्या हातात द्यायची, ती पोचते गेलेल्या माणसाला. मी फक्त टपालपेटी. टपालपेटीने थँक्यू म्हटलं तर पाकीट तिथेच अडकलं ना! बोगदाप्रोस्ते म्हणजे 'देव त्याला क्षमा करो'. तो शब्द उच्चारला की पावती फाटली.

त्या दिवशी अशी अकरा नावं माझ्यामार्फत गेली. संध्याकाळी बसमध्ये मी अकरा कप आणि सात टॉवेल मांडीवर घेऊन बसले होते.

पोळी_भाजी
काय सुंदर लिहिलंयस गं. टपालपेटी!! आमच्याकडे श्राद्धाला जेवायला बसलेल्या गुरुजींना 'तृप्ताः स्थ?' विचारतात, तिथेही ते 'थँक्यू, छान झालं होतं' म्हणत नाहीत, 'तृप्ताः स्मः' असं ठरलेलंच उत्तर देतात. त्याचीच आठवण झाली.
बाकी नेहमीचा प्रश्न: शाकाहारी माणसाने तिकडे काय खायचं?

देवगडी
वाचतोय. पण त्या शीर्षकातली फाटकं कुठे आहेत? आधी फाटकं चोरा, मग जेवण.

निंबोणी
@देवगडी, थांब रे. आधी पोट.

@पोळी_भाजी, वाटतं तितके हाल नाहीत. कारण त्यांचे उपास. ऑर्थोडॉक्स पंथात ईस्टरच्या आधी मोठा उपास, नाताळच्या आधी एक, उन्हाळ्यात दोन, शिवाय बुधवार-शुक्रवार. त्यात मांस, अंडी, दूध सगळं बंद. उपासाला शब्द आहे 'पोस्त'. हॉटेलात 'दे पोस्त' म्हटलं की विषय संपला, बटाट्याची किंवा कोबीची प्लचिंता मिळते. प्लचिंता म्हणजे आत सारण भरून भाजलेली किंवा तळलेली पातळ पोळी, आपल्या भरल्या पराठ्याची चुलतबहीण. कोबी, बटाटा, चीज, भोपळा, आंबट चेरी, काहीही भरतात.

आणि ममलिगा. मक्याचं पीठ बिडाच्या पातेल्यात घोटून घोटून इतकं घट्ट करतात की पातेलं लाकडी पाटावर उलटं केलं की पिवळाजर्द मुटका सुटून येतो. मग बुनिका शिवणाचा दोरा घ्यायच्या, दोन्ही हातांत ताणून धरायच्या आणि मुटक्याच्या खालून वर ओढून तुकडे पाडायच्या. सुरी लावायची नाही. सुरीला चिकटतं हे खरं कारण. पण त्यांना विचारलं तर म्हणायच्या, सुरी लावणं बरं नाही. सोबत मेंढीच्या दुधाचं खारट चीज आणि दाट आंबट साय. मी वरून लसणाची चटणी घ्यायचे, घरून आलेली. बुनिकांनी एकदा चाखली आणि पुढच्या वेळी आईला फोनवर सांगायला लावलं की दोन डबे पाठव.

देवगडी
हे बेस आहे. कोकणात शिमग्याला पोस्त म्हणजे दारोदार जाऊन मागून घ्यायचं, आणि तिकडे पोस्त म्हणजे असलेलं सोडून द्यायचं. 😀 मी कोकणातच राहतो.

निंबोणी
हाहा, पण मागून घ्यायची पद्धत तिकडेही आहे! ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी पोरांची टोळकी दारोदार फिरतात, चाबूक आणि घंटा घेऊन. याला प्लुगुशोर म्हणतात, म्हणजे छोटा नांगर. एक जण लांबलचक कवन म्हणतो: नांगरणी, पेरणी, कापणी, दळण, शेवटी भाकरी, सगळं ओळीने. बाकीचे मधे मधे 'हाय हाय!' ओरडतात. सोबत बुहाय नावाचं वाद्य. लाकडी पिंपाला एका बाजूने कातडं, कातड्याच्या मधोमध घोड्याच्या केसांची शेपटी. ती ओल्या हातांनी ओढली की बैल हंबरल्यासारखा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी खरंच खिडकीतून गुरं शोधली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं येऊन घरात, अंगावर गहू उधळतात आणि आरोग्याच्या शुभेच्छा देतात. त्यांना पैसे आणि कोलाक द्यायचा. बुनिका म्हणायच्या, पहिला मुलगा यायला हवा, मुलगी नको. मी त्यांच्याकडे पाहिलं तर म्हणाल्या, 'तू डॉक्टर आहेस, तू चालशील.' तर अशी सूट.

काही गावांत बकरीचा नाच असतो, काप्रा. लाकडी बकरीचं तोंड, जबडा दोरीने टकटक वाजतो, अंगावर रंगीत पट्ट्या. बकरी नाचता नाचता मरते, आणि मग पुन्हा उठते.

देवगडी
म्हणजे सोंगं! आमच्या शिमग्यात संकासूर असाच दारात येऊन नाचतो. बरं, आता फाटकं.

निंबोणी
घे बाबा. संत आंद्रेईची रात्र. जुन्या पंचांगाप्रमाणे १२-१३ डिसेंबरच्या मधली. म्हातारी माणसं म्हणतात, त्या रात्री भुतंखेतं मोकळी सुटतात, म्हणून दार-खिडक्यांना लसूण चोळायचा. तरुण पोरांचा वेगळा उद्योग असतो. गावात ज्या घरी लग्नाची मुलगी आहे त्या घराचं फाटक बिजागऱ्यांसकट उचलून पळवायचं. सकाळी मुलीचा बाप फाटक शोधत गावभर फिरतो. सापडतं कुठे तरी गावाच्या टोकाला, आणि परत मिळवायचं तर पोरांना वाइन पाजावी लागते.

बुनिकांचं फाटक तीनदा गेलं होतं म्हणे. सांगताना चेहऱ्यावर काय तो अभिमान! आणि शेजारच्या घराचं कधीच गेलं नाही, हेही आवर्जून सांगायच्या.

देवगडी
अरे देवा. आम्ही होळीला लोकांचे लाकडाचे ओंडके, मोडक्या खाटा, एकदा तर एकाची बैलगाडीची चाकं पळवली होती. पण होळीत गेलेलं परत मिळत नाही, जळतं. तुमचे मोल्दोव्हावाले सज्जन.

जुनाट_खोड
धागा उत्तम आहे. मात्र या सर्व प्रथांचे मूळ शोधले पाहिजे. मृतांसाठी अन्नदान, दारोदार धान्य उधळणे, लाल-पांढऱ्या दोऱ्याचा विधी (याचा उल्लेख निंबोणी यांनी अजून केलेला नाही, पण मी वाचले आहे), हे सारे भारतातूनच तिकडे गेले असण्याची दाट शक्यता आहे. 'बोगदाप्रोस्ते' यातील 'बोग' हा शब्दच पाहा. संस्कृत 'भग', भगवान. अधिक पुरावा काय हवा?

भटक्या_उंट
काका, बोग आणि भग यांचं नातं भाषातज्ज्ञही मानतात, त्याबद्दल वाद नाही. पण नातं असणं आणि 'इकडून तिकडे गेलं' यात फरक आहे. चुलतभावाचं नाक आपल्यासारखं असतं म्हणून तो आपला मुलगा होत नाही. शिवाय गंमत अशी की मोल्दोव्हाची भाषा स्लाव्ह नाहीच. ती रुमानियन, म्हणजे लॅटिनची लेक. संसदेने मार्च २०२३ मध्ये कायद्यांतला 'मोल्दोव्हन भाषा' हा शब्द बदलून 'रुमानियन' केला. बोगदाप्रोस्ते हा त्यात चर्चमार्फत शिरलेला स्लाव्ह पाहुणा. आपल्या बोलण्यात 'इन्शाल्ला' येतो तसा.

निंबोणी
@जुनाट_खोड काका, शब्दाचं मूळ एक असलं म्हणून टॉवेल आपला होत नाही. 🙂 आणि ज्या ममलिग्यावर त्यांची सगळी संस्कृती उभी आहे तो मका अमेरिकेतून आला, तर आता आपण त्यांना मेक्सिकोचे म्हणायचं का?

पण दोऱ्याची आठवण केलीत ते बरं झालं. त्याला मर्त्सिशोर म्हणतात, मार्च महिन्याचं लाडाचं नाव. १ मार्चला लाल आणि पांढरा दोरा पिळून केलेलं छोटं पदक छातीवर डाव्या बाजूला लावायचं, महिनाभर बाळगायचं आणि ३१ तारखेला फुललेल्या फळझाडाच्या फांदीला बांधून टाकायचं, मनात काहीतरी मागून. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शहरातली जर्दाळू-चेरीची झाडं अशी दोऱ्यांनी भरलेली असतात. गोष्ट सांगतात ती अशी की वसंत ऋतू बर्फातून एक कोवळं फूल मोकळं करत होता, काटा लागून बोटातलं रक्त बर्फावर पडलं. तो लाल, हा पांढरा.

२०१७ साली ही प्रथा युनेस्कोच्या यादीत गेली, मोल्दोव्हा, रुमानिया, बल्गेरिया आणि उत्तर मॅसिडोनिया अशी चौघांची मिळून. आमच्या वर्गातल्या मोल्दोव्हन पोरी मात्र युनेस्कोसाठी लावत नव्हत्या. कुणाकडून किती मर्त्सिशोर आले याची पक्की मोजणी चालायची.

भटक्या_उंट
चौघांच्या नावावर गेलं हे विशेष. नाहीतर असल्या गोष्टींवरून शेजारी शेजारी किती भांडतात. (रसगुल्ला आठवा.) मोल्दोव्हाचं रुमानियाबरोबर असं बरंच काही सामाईक यादीत आहे: पुरुषांचं नाताळचं गाणं २०१३, भिंतीवरचे गालिचे २०१६, खांद्यावर भरतकाम असलेला ब्लाउज २०२२. गालिच्यांबद्दल सांग ना, भिंतीवर का टांगतात? पायाखाली का नाही?

निंबोणी
कारण ती मांडायची चीज असते, तुडवायची नाही. प्रत्येक जुन्या घरात एक खोली असते, कासा मारे, म्हणजे मोठं घर. मोठं फक्त नावात. तिथे कुणी झोपत नाही, रोज कुणी बसत नाही. भिंतीवर काळ्या जमिनीवर लाल गुलाबांचा गालिचा, कोपऱ्यात देवाच्या तसबिरीवर भरतकामाचा रुमाल, आणि एका बाजूला मुलीच्या रुखवताची छताला टेकलेली उतरंड: घड्या घातलेले गालिचे, उश्या, घोंगड्या. पाहुणा आला की दार उघडतं. लग्न तिथे, आणि माणूस गेला की त्यालाही तिथेच ठेवतात.

बुनिकांच्या कासा मारेमध्ये वर्षभर गारठा असायचा, कारण तिथली शेगडी पेटवायची नाही असा नियम. सफरचंदं मात्र तिथेच ठेवायच्या, जमिनीवर कागद पसरून. त्यामुळे माझ्यासाठी त्या मानाच्या खोलीचा वास म्हणजे जुनी लोकर आणि पिकली सफरचंदं.

त्यांच्या आईने विणलेले दोन गालिचे होते, पण रुखवत खरं तर पाचांचं. १९४६-४७ च्या दुष्काळात तीन गालिचे पोतंभर धान्यासाठी गेले. हे त्या फार बोलायच्या नाहीत. एकदाच, गालिचा उन्हात झटकताना, 'या भिंतीवर इथे दुसरा होता' एवढं म्हणाल्या.

पोळी_भाजी
😔

मिरगाचा_पाऊस
माझा भाचा सध्या तिकडेच शिकतोय, त्याला एका वर्गमित्राच्या भावाच्या लग्नाचं आमंत्रण आहे. काही पथ्यं? तो म्हणाला, 'मावशी, लग्नात नाश असतो म्हणे', मी घाबरलेच.

निंबोणी
हाहाहा, ताई, नाश असतोच! नाशाशिवाय लग्न लागत नाही. 'नाश' म्हणजे वर-वधूचे धर्मपिता, आणि त्यांची बायको 'नाशा'. लग्न झालेलं, जरा मुरलेलं जोडपं निवडतात. चर्चमध्ये मोठ्या मेणबत्त्या धरून तेच उभे राहतात, आणि नंतर जन्मभर नवरा-बायकोचं भांडण झालं की यांच्याकडे जायचं. रात्री उशिरा, सगळं नाचून झाल्यावर, नवरीला मधोमध खुर्चीवर बसवतात. नाशा तिच्या डोक्यावरचा पांढरा बुरखा उतरवते आणि डोक्याला रुमाल बांधते. गाणं इतकं संथ आणि रडकं की आपल्या पाठवणीची आठवण व्हावी. तो रुमाल बांधला की मुलगी बाई झाली.

भाच्याला तीन गोष्टी सांगा. फुलं न्यायची तर विषम संख्येने. सम फुलं फक्त मेलेल्यांना. मी पहिल्याच वर्षी मॅडमच्या वाढदिवसाला सहा गुलाब नेले होते, त्यांनी शांतपणे एक काढून शिपाईबाईंना दिला. दुसरं, आहेर रोख पाकिटात. तिसरं, नाचाचं 'होरा' नावाचं वर्तुळ सुरू झालं की कुणीतरी हात धरून ओढणारच, तेव्हा 'मला येत नाही' चालत नाही. डावीकडे चार पावलं टाकता आली की बास.

देवगडी
आणि वाइन? माळकरी माणसाने काय करायचं?

निंबोणी
कॉम्पोत माग. उकडलेल्या फळांचं गार सरबत, प्रत्येक घरात बरण्या भरलेल्या असतात. पण 'नाही' एकदा म्हणून भागत नाही, चारदा म्हणावं लागतं, आपल्याकडच्या जिलबीसारखं. खेड्यात अजून एकच पेला सगळ्यांत फिरतो: यजमान भरतो, आधी स्वतः पितो, मग तोच भरून पुढच्याला. प्रत्येक घराखाली तळघर आणि तळघरात पिंपं. कुणाच्या घरची वाइन चांगली हा गावातला कायमचा वाद, आमच्याकडच्या लोणच्यासारखा. गावच्या चर्चच्या संताचा दिवस, त्याला ह्राम म्हणतात, म्हणजे सरळ आपली गावजत्रा. त्या दिवशी घरं सताड उघडी, दुसऱ्या गावचे सोयरे येतात, आणि त्यांच्या ह्रामला आपण जायचं. राजधानीचाही ह्राम असतो, १४ ऑक्टोबरला.

जुनाट_खोड
मेक्सिकोचा मुद्दा मान्य. एक विचारायचे होते. रिकामी घागर घेऊन कोणी समोर आले तर तिकडे काय मानतात?

निंबोणी
काका, अपशकुन! रिकामी बादली अशुभ, भरलेली शुभ. विहिरीवरून येणाऱ्या बाईची बादली भरलेली असेल तर लोक खूश होतात. आता यावर तुम्ही काय लिहिणार ते मला माहीत आहे.

जुनाट_खोड
मी काही लिहीत नाही. फक्त हसतो आहे.

पोळी_भाजी
निंबोणी, बुनिका आता कशा आहेत?

निंबोणी
गेल्या. कोविडच्या दुसऱ्या वर्षी. मी तेव्हा साताऱ्यात ड्यूटीवर होते, मुलाने इटलीहून मेसेज केला.

त्यांच्याकडे गेलेल्या माणसाचं तिसऱ्या, नवव्या, चाळिसाव्या दिवशी करतात, मग सहा महिन्यांनी, वर्षाने. मी काहीच केलं नव्हतं. गेल्या वर्षी ब्लाजिनांचा सोमवार आला तेव्हा राहवेना. बाजारातून टॉवेल आणला, एक स्टीलचा पेला, त्यात पेढे, वर बेकरीतला गोल पाव. मेणबत्ती वाऱ्याने विझत होती म्हणून ओंजळीत धरून खाली गेले आणि सोसायटीच्या वॉचमनकाकांच्या हातात सगळं ठेवलं.

ते म्हणाले, 'कशापायी ताई? कुणाचा वाढदिवस हाय?'

मी म्हटलं, एक आजी होत्या, त्यांच्या नावानं.

त्यांनी टॉवेल कपाळाला लावला. म्हणाले, 'बरं. पोचलं म्हना.'

देवगडी
...
टॉवेल कुठला घेतलास?

निंबोणी
सोलापुरी. दुसरा कुठला?